नानांची गाणी

पडद्यावर प्रश्न आला: हे सॉफ्टवेअर काढलं तर याच्यासोबत आणखी अकरा पॅकेजेस जातील, चालेल? चेलनाने खटकन होकार दाबला.

भडगावच्या त्या केळी पिकवण्याच्या गोदामात काल दोनदा कॉम्प्युटर अडकला होता. जुनंपुराणं डबडं, मेमरी एवढीशी. म्हणून त्यावर लिनक्सची किमान मांडणी, कामापुरती. पण आधी हा कॉम्प्युटर बघणाऱ्या अमृतने सुरतेला जाण्यापूर्वी त्यात काय काय कोंबून ठेवलं होतं! गोदामात प्रिंटर नाही, तरी प्रिंटरचं पॅकेज. ब्लूटूथ. अहो, पत्त्यांचा खेळसुद्धा! गोदामाच्या मालकांच्या, जवरीलालशेठच्या या सुनेने सकाळपासून झाडून सगळं काढलं. राहिलं होतं फक्त आवाजाचं. खोलीचं तापमान दाखवणाऱ्या यंत्राला आवाज हवाय कशाला?

कशाला ते तिला ठाऊक होतं म्हणा. रुपचंदनाना! वीस वर्षं इथेच कामाला, आणि अलीकडे पडद्यासमोर बसून दिवसभर कानात वायर. "नानांची गाणी चालू," म्हणून हमाल हसायचे. शेठ उलट त्यांनाच गप्प करायचे, "ऐकू द्या रे त्याला." झालं, आता गाणी बंद.

दुपारी ती जेवून परतली तर पडद्यावर लालभडक आकडा. चोवीस! अठराच्या वर गेलं की दुसरं कूलिंग चालू करायचं, एवढंच नानांचं काम. आणि नाना तर समोरच बसलेले. डोळे पडद्यावर, हात मांडीवर.

"नाना! समोर चोवीस दिसतंय, आणि तुम्ही खुशाल बसून?"

नाना ताडकन उठले. भिंत चाचपत त्यांनी बटण गाठलं. कूलिंग घरघरायला लागलं. आत दहा टन माल. उद्या सकाळी धुळ्याचा व्यापारी गाडी घेऊन येणार. केळी आतून मऊ पडली तर सगळी फेकायची. नाना खोलीत शिरले. एक केळं दाबून पाहिलं, नाकाशी नेलं, दुसरं दाबलं. किती वेळ लावला त्यांनी!

"माल वाचना, बेटा."

तिने सुस्कारा सोडला. नाना मात्र तिथेच उभे. कानातली वायर काढून ते बोटांवर गुंडाळत होते.

"माले दखास नही. दोन वरीस व्हयनात. अठराना वर गयं की हाई कानमा सांगे. अमृतनी सोय करी देयेल व्हती. आज काहीच सांगं नही, माले वाटनं बठ्ठं ठीक शे." मग अगदी हळू, "शेठले सांगू नको. काम जाई मन्हं."

नानांना दिसतच नव्हतं, आणि तापमान वाढल्याचं कानात सांगणारा आवाज तिनेच काढून टाकला होता! चेलनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात दारात जवरीलालशेठ.

"काय गोंधळ चाललाय?"

"चूक माझी, पप्पाजी," ती घाईघाईने म्हणाली. "कामाचं पॅकेज मी फालतू समजून काढलं. नानांचा काही संबंध नाही."

शेठनी पडद्याकडे पाहिलं. बावीसवर आलं होतं. मग नानांच्या हातातल्या वायरीकडे पाहिलं. सुनेला त्यांनी बाहेर नेलं आणि आवाज खाली आणला.

"ते आत्ताच्या आत्ता परत टाक. अमृतला मीच टाकायला लावलं होतं. आणि मला माहीत आहे हे मात्र नानाला कधी कळू देऊ नकोस."