सहा महिने आणि वर एक

"सध्या चान्स घ्यायचा विचार आहे का?" डॉक्टर सफांनी हर्षालीला विचारलं आणि उत्तर तिच्या सासूनं दिलं.

"हाय की," साळुबाई म्हणाली. "पैली पोरगी चार वर्साची झाली आता. औंदा दिवाळीच्या आत दिवस ऱ्हायला पायजेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नारायणगावातला हा दवाखाना दोन खोल्यांचा, आणि आतल्या खोलीत पेशंटबरोबर घरातलं निदान एक माणूस घुसणारच, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. त्या स्वतः जुन्नरच्या शफी टेलरची मुलगी. ब्लाउज सुनेचा असला तरी गळा केवढा ठेवायचा ते सासूच सांगते, हे लहानपणी वडिलांच्या दुकानात बसून त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

हर्षाली बत्तीस वर्षांची. हनुवटीपासून कानापर्यंत मुरूम. काही पिकलेले, काही नुसतेच आतून ठणकणारे. वयात आली तेव्हा आले आणि मुक्कामालाच राहिले. या दुखण्यावर औषध न सांगणारा माणूस गावात सापडायचा नाही. लिंबू झालं, मुलतानी माती झाली, कडुलिंबाचा पाला वाटून झाला. कुणीतरी सुचवलेल्या एका ट्यूबनं पंधरा दिवस चेहरा लख्ख केला आणि सोळाव्या दिवशी दुप्पट उठले. लग्न झालं की जातात, असं सगळे म्हणाले. लग्न झालं. मग म्हणाले, मूल झालं की जातात. मूलही झालं. आता साळुबाईचं म्हणणं होतं की दुसरं झालं की जातील. मुरूम मात्र कुणाचंच ऐकायला तयार नव्हते.

चार महिन्यांपूर्वी हर्षाली एकटीच इथं आली आणि औषध सुरू झालं. त्यानं निम्मा फरक पडला, पुढं सरकेना. आज साळुबाई मुद्दाम सोबत आली होती, ही औषधं एकदाची संपतात कधी ते विचारायला.

डॉक्टरांनी दोघींनाही समजेल असं सांगितलं. आणखी एक गोळी आहे. तिनं बहुतेकांचे मुरूम जातात, पुष्कळांचे परत येत नाहीत. ओठ फुटतात, रक्त तपासत राहावं लागतं, पण ते निभतं. अडचण एकच. गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून आधी तपासून दिवस गेलेले नाहीत याची खात्री करायची, आणि गोळीचे सहा महिने आणि वर एक, नवरा-बायकोनं काळजी घ्यायची. त्यात हयगय चालणार नाही.

हर्षालीला ती गोळी हवी होती. ती वारूळवाडीच्या रोपवाटिकेत कामाला होती आणि गिऱ्हाईक आलं की धुळीचं निमित्त करून तोंडाला रुमाल बांधायची. त्या रुमालाचा तिला वीट आला होता. पण दुसऱ्या मुलाचं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, तिला विचारायचं तेवढं राहिलेलं. नवऱ्याला, सूरजला, काल रात्री तिनं दुसऱ्या मुलाचा विषय काढून पाहिला, तर त्यानं आईला विचार म्हणून कूस बदलली. आणि आई शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"मला गोळी पाहिजे," हर्षाली म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

साळुबाईनं सुनेकडे पाहिलं नाही. ती बोटांच्या पेरांवर महिने मोजत होती. श्रावणापासून माघापर्यंत सात पेरं भरली. दिवाळी त्यात गेली. आता ही काय बोलणार म्हणून हर्षालीनं पदराचं टोक घट्ट धरलं.

"बाई, ह्या सात महिन्यांत घरात कुणी ऐकलंच न्हाई तर?" साळुबाईनं डॉक्टरांना विचारलं.

"कुणी म्हणजे?"

"गडी मानूस."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, मी चिठ्ठीवर तसं लिहून देते, ज्याला दाखवायची त्याला दाखवा.

"मंग मराठीत लिवा," साळुबाई म्हणाली. "आन् मोठ्या अक्षरात."

इतक्या वर्षांत कुणी औषधाच्या चिठ्ठीबद्दल असं काही मागितलं नव्हतं. डॉक्टरांनी नवा कागद घेतला आणि शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं लिहिलं. खाली सही केली. साळुबाईनं शिक्काही मारून घेतला आणि तो नीट उमटलाय का ते उजेडाकडे धरून पाहिलं.

दोघी बाहेर आल्या. घरापर्यंत बोलणी ऐकून घ्यायची हर्षालीनं मनाची तयारी केली होती, आणि इथं भांडणच झालं नव्हतं. साळुबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि कागद तिच्यापुढं केला. स्वतःला वाचता येत नव्हतं.

"वाच."

हर्षालीनं वाचलं. औषध चालू असेपर्यंत व त्यानंतर एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही.

"परत वाच."

तिनं परत वाचलं, या वेळी सावकाश. त्यातलं 'राहू द्यायचा नाही' कुठं लिहिलंय ते साळुबाईनं विचारून घेतलं आणि त्या शब्दांवर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथंच राहिलं.

"माझी सात बाळंतपणं झाली," ती म्हणाली. "दोन पोरं गेली. असा कागुद मिळतो, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."