खरखर

मांजरा धरणात मासे धरणाऱ्या लिंबराजने होडीला बॅटरीवरची मोटर बसवली. पाण्यात मोबाइलला रेंज नसते, म्हणून एक वायरलेस सेटही बसवला. दुसरा सेट काठावर बायकोकडे, सुमनकडे. पण मोटर चालू असताना तो बोलला, की तिला शब्दांपेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची.

शेवटी वैतागून त्याने सेटची वायर मोटरच्या वायरीपासून सोडवली, होडीच्या दुसऱ्या कडेने नेली आणि सेटला वेगळी बॅटरी दिली. दुपारी अचानक वारं सुटलं, तसा तो मधल्या पाण्यातून परत फिरला आणि सेटवर बोलला, "सुमन, निघालो गं. आता कसा येतोय आवाज?"

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, तरी शांतता. वायर जोडताना काही चुकलं, की काठावरच काही झालं? त्याने मोटर पूर्ण वेगाने सोडली.

अर्ध्या वाटेत समोरून चुलतभावाची होडी आली. भाऊ जीव खाऊन वल्हं मारत होता आणि पुढे सुमन दोर घेऊन बसली होती, कमरेपर्यंत भिजलेली, रडून डोळे लाल झालेली.

"अगं, झालं काय? माझा आवाज न्हाई का आला?"

"आला की! लई साफ आला."

"मग बोलली का न्हाईस?"


"बोलत बसू, का दोर घिऊन पळू? खरखर हाय तवर मोटर चालू हाय, एवढंच मला ठावं. आज खरखरच न्हाई आली!"