आईचं रफू

पुढे देशाचा फुटबॉल कप्तान झालेल्या जिवलग मित्राची कॉलेजमधली जर्सी श्रीरंगनं स्टुटगार्टच्या घरात फ्रेम करून लावली होती. फायनलआधी फाटलेली बाही श्रीरंगच्याच आईनं रफू केली होती. फायनल मारल्यावर मित्रानं ती धुऊन, इस्त्री करून दिली: "हीच घालून खेळलो रे. तुझ्याकडेच राहू दे." पाहुणे रफू शोधायचे, श्रीरंग छाती फुगवून म्हणायचा, "आईचा हातच तसा, दिसणारच नाही!" आज प्रदर्शनासाठी ती तपासायला आलेल्या जर्मन तज्ज्ञानं फ्रेम उघडली, जर्सी उलटी केली, बाहीवर भिंग धरलं. "ही कधी फाटलेलीच नाही. घातलेलीसुद्धा नाही." श्रीरंगनं बाह्या चाचपल्या. मित्राची थाप तो तीस वर्षं काचेआड मिरवत होता. तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला. "काय रे, सापडलं का त्यांना माझं रफू?" "नाही गं आई, भिंगातूनसुद्धा नाही."