इथं बसू का?

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून नागोराव ढाणकी गावातल्या हॉटेलात पूर्वीसारखं खाली नाही, बाकावर बसूनच चहा घेत. आज बाजाराच्या गर्दीत तिथंच बसून त्यांनी जर्मनीला शिकायला गेलेल्या पोराचं पत्र उघडलं.

"बाबा, मी इथं गल्लीतल्या लहानशा खानावळीत रोज एकटाच जेवतो. काल सगळी टेबलं भरली होती. एक म्हातारा जर्मन आला अन् टोपी काढून मलेच विचारते, 'इथं बसू का?' मी माही प्लेट बाजूला सरकवून त्याले जागा केली."

हॉटेलवाल्यानं लांबूनच विचारलं, "काय म्हनते पोरगा? करमते का तिकडं?"

"करमते," नागोराव म्हणाले.

भोवताली माणसं उभ्यानंच चहा पीत होती. बाकावर तिघांची जागा रिकामी होती. तरी नागोराव आणखी थोडे सरकून बसले.