रात्रपाळी

बिरुदेव सकाळी उशी काखेत मारून घरात आला, तेव्हा दिपाली महिन्याच्या लेकीला खांद्यावर घेऊन उभी होती. आठवडाभर तो शेजारच्या शेडमध्येच झोपत होता. त्या शेडमध्ये त्यांचे टॉवेलचे चार माग रात्रपाळीला चालतात.

"अजून घोरतीच व्हय ही?" तो म्हणाला. "पोरीच्या जातीनं एवढं घोरावं? हितं डोळा लागत न्हाय माणसाचा."

"आन् तितं लागतो? मागांच्या खडखडाटात?"

"त्याची सवय हाय."

"नाक चोंदतंय तिचं. डॉक्टर म्हणाले, पहिले काही दिवस असतं असं."

"असू दे की. तोवर मी तिकडंच झोपतो. चहा टाक."

दिपालीनं चहाचं पातेलं ओट्यावर आपटलं. त्या आवाजानं कोपऱ्यात झोपलेला चार वर्षांचा शिवराज नुसता कुशीवर वळला आणि पुन्हा घोरायला लागला.

"ह्यो बी घोरतोय की," ती म्हणाली. "जन्मल्यापासनं घोरतोय."

बिरुदेव हसला. "त्याचं येगळं. आज्यावर, आप्पांवर गेलाय त्यो."

"व्हय, त्याचं येगळंच." तिनं पातेलं तसंच कोरडं ठेवलं आणि लेकीला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. "ह्यो महिन्याचा व्हता तवा तुमी रातीचे माग बंद ठिवले व्हते. पोराची झोप मोडंल म्हणून."