दीड फेरा

रविवारी सकाळी भाऊ आंघोळीला गेल्याबरोबर वासंतीबाई गाडीत शिरल्या. पुढची डावी गादी उचलून त्यांनी खालच्या बॅटरीच्या तारेला पाना लावला. दीड फेरा उलटा. तार ढिली झाली. बोटांना लागलेलं व्हॅसलीन पुसून त्यांनी गादी होती तशी बसवली, पाना पिशवीत टाकला आणि त्या आरशासमोर गजरा माळायला गेल्या.

हा चौथा रविवार.

भाऊ टिपणीस स्वातंत्र्याच्या साली बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांनी ही जुनी काळी गाडी घेतली आणि ठाण्यातल्या शेजाऱ्यांना मोटारीचं शास्त्र ऐकवायला सुरुवात केली. गाडी वरून खाली धुवायची, चाकांचं फडकं टपाला लावायचं नाही. बॅटरीवरची पांढरी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्यानं काढायची. गाडी बंद पडली तर सगळ्यात आधी तारा तपासायच्या. शेजारी हळूहळू गल्ली बदलून जायला लागले. वासंतीबाईंना ती सोय नव्हती, त्यामुळे त्यांना सगळं पाठ झालं होतं. बॉनेटखालचा रोटरसुद्धा भाऊंनी एकदा काढून दाखवला होता. आगपेटीपेक्षा लहान, तपकिरी तुकडा. तो नसला की ठिणगीच पडत नाही. मुंबईत गाडी उभी केली की भाऊ तो खिशात टाकत आणि म्हणत, "आता चोर आत बसला तरी बसूनच राहील."

पण महिन्यापूर्वी शीळफाट्याला भाऊंनी गाडी सरळ एका बैलगाडीवर नेली. वासंतीबाई किंचाळल्या म्हणून भागलं.

"या लोकांना कंदील लावायला काय होतं?" भाऊ म्हणाले.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

त्या दिवसापासून वासंतीबाईंची झोप उडाली. डोळ्यांचं नाव काढलं की भाऊ कोटाच्या खिशातली चष्म्याची डबी थोपटत. "आहे की चष्मा. लागला तर घालीन." तो कधी लागला नाही. आणि गाडी सोडा, हे या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? रविवारची ती एक चक्कर सोडली तर त्यांना दुसरं सुख नव्हतं. म्हणून हा पाना.

नवल एकाच गोष्टीचं होतं. इतक्या रविवारांत भाऊंनी स्वतः तारा एकदाही तपासल्या नव्हत्या. बटण दाबायचं, गाडी गप्प. मग "बॅटरी म्हातारी झाली," असं म्हणत पुन्हा टप पुसायला लागायचं. जगाला शिकवणारा माणूस घरात असाच असतो, असं वासंतीबाईंनी मनाशी म्हटलं होतं.

आज मात्र भाचा सुधीर कचेरीची जीप घेऊन दारात हजर झाला.

"मामा, ओढून सुरू करू या. नाहीच झाली तर अकराला मिस्त्री येतोय."

वासंतीबाईंनी पिशवीतला पाना चाचपून पाहिला. मिस्त्री पहिल्यांदा तारच बघणार. आपली चोरी पकडली जाईल याचं त्यांना काही नव्हतं. पण बायकोचा आपल्यावर भरवसा उरला नाही, हे भाऊंना भाच्यासमोर कळणार, ते त्यांना सोसवेना.

सुधीर बॉनेटकडे वळला.

"बॉनेटला हात नको!" भाऊ एकदम ओरडले. "कालच सगळं साफ केलंय. तू आपला दोर बांध."

दोर कोलशेतच्या दामाजी कोळ्याचा होता. सुधीरच्या निरोपावरून दामाजी मासळीबरोबर दोरही घेऊन नुकताच दारात आला होता. भाऊंचा वर्ग सुरू झाला. "बंपरला नाही, खाली सांगाड्याला बांधा. मध्ये लाल फडकं लावा, म्हणजे दोरात कोणी घुसणार नाही. पुढच्यानं हिसका द्यायचा नाही, मागच्यानं ब्रेकवर पाय ठेवून दोर ताठ ठेवायचा."

"ही गाठ खाडीत होरी बांधाची हाय, भाऊ," दामाजी म्हणाला. "दोर तुटंल, पन गाठ सुटाची नाय."

तिघं गाडीपुढं वाकलेले असताना वासंतीबाईंनी आत शिरून गादी उचलली. दीड फेरा सुलटा. तार घट्ट बसली. आता गाडी सुरू होणार, आणि भाऊ ती चालवणार. हँडब्रेकवर हात ठेवून त्या देवाचं नाव घेत बसल्या.

जीप निघाली. वळणावर लाल फडकं सुटलं आणि चाकाखाली गेलं. वासंतीबाईंनी ते पाहिलं.

"अहो, फडकं दिसतंय ना?"

"दिसतंय की. चांगलं ठळक दिसतंय."

वासंतीबाईंना रडू आलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

सरळ रस्ता लागल्यावर सुधीरनं हात केला. भाऊंनी गिअर टाकला. गाडीला धक्का बसला, इंजिन फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी भाऊंनी बटण दाबलं. महिनाभर मुकी असलेली गाडी घर्र घर्र करायला लागली. भाऊ केवढ्यानं तरी दचकले. घरघर चालू राहिली, गाडी काही सुरू झाली नाही.

"संपलं," भाऊ म्हणाले. "सुधीर, मिस्त्रीला नको म्हणून सांग. गिऱ्हाईक बघ, विकून टाकू या."

घरी आल्यावर ते कोट काढता काढता म्हणाले, "तुझा हिरमोड झाला, नाही? दर रविवारी गजरा माळून तयार होऊन बसतेस. मला त्याचंच फार वाईट वाटतं."

"माझं काय घेऊन बसलात," वासंतीबाई कशाबशा म्हणाल्या.

भाऊ हातपाय धुवायला गेले. तार घट्ट असून गाडी का सुरू झाली नाही, हे काही वासंतीबाईंना कळेना. देवच पावला म्हणायचा. आज निदान पेपर तरी चष्मा लावून वाचायला लावू, असं ठरवून त्यांनी कोटाच्या खिशातली डबी काढली आणि उघडली.

आत चष्मा नव्हता. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला रोटर होता.