समोर बसायला कुणी आहे का?

रायको थडग्यांच्या दगडांवर मेलेल्यांचे चेहरे कोरून पोट भरायचा, पण जीव सगळा रंगांत. शेवटी प्लोव्दिव शहरातल्या गॅलरीनं त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं कबूल केलं. त्यानं ठरवलं, आता गावातली जिवंत माणसं रंगवायची. पण समोर बसायला कुणीच तयार होईना.

"तू चेहरा काढलेलं एक तरी माणूस जिवंत आहे का रे?" दोंका आजी अपशकुन टळावा म्हणून तीनदा थुंकली. "चल, हो बाजूला!"

रायको भडकला. भर चौकात ओरडला, "माझ्या हातानं माणसं मरतात काय? मग नका बसू! ज्याचा पाहिजे त्याचा फोटो आणा, फुकट रंगवतो!"

सकाळी दारात ही मोठी रांग, प्रत्येकाच्या हातात फोटो.



सगळ्यात पुढे सरपंच. विरोधातल्या उमेदवाराचा फोटो सरकवत कुजबुजला, "रायको, मतदान रविवारी आहे. त्याच्या आत होईल ना रे?"